युद्धपट : कवायतीच्या मैदानापासून खंदकापर्यंत

(चित्रपट-अभ्यासवर्गात दिलेल्या भाषणाचा संस्कारित मजकूर)



सातारा जिल्ह्यात अपशिंगे नावाचे गाव आहे. पंचक्रोशीत ते 'अपशिंगे मिलिटरी' या नावानेच ओळखले जाते. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जवान कामास आले. ते ज्या साम्राज्यासाठी लढले ते त्यांचे नव्हते. पावसाच्या भरवशावरची शेती आणि खाणारी तोंडे यांचा मेळ बसेनासा झाला, की शेतकऱ्याच्या एका मुलाने पलटणीत जायचे, ही आपल्याकडील कित्येक तालुक्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत आहे. आजही पहाटेच्या वेळी त्या भागातील रस्त्यांवरून भरतीची तयारी करणारी पोरे धावताना दिसतात. तेव्हा युद्धपटांविषयी बोलणे म्हणजे परक्यांच्या करमणुकीविषयी बोलणे होय, असे कोणी समजू नये. पडद्यावर रंगरूट म्हणून जो उभा असतो तो कष्टकऱ्याचाच मुलगा असतो, मग तो जर्मन असो, जपानी असो वा अमेरिकन.

युद्धपटाचे मूल्यमापन करताना सामान्यतः एकच माप वापरले जाते. त्यात युद्धाची भीषणता किती दाखवली आहे? रक्तमांस जितके अधिक, तितका चित्रपट युद्धविरोधी, असा एक भाबडा समज रूढ झाला आहे. या समजाला छेद देणारे एक दृश्य सॅम मेंडिस यांच्या 'जारहेड' (२००५) या चित्रपटात आहे. आखातात जाण्याची वाट पाहणाऱ्या अमेरिकन मरीन शिपायांना कोपोलांचा 'अ‍ॅपोकॅलिप्स नाऊ' (१९७९) दाखवला जातो. व्हिएतनामी गावावर हेलिकॉप्टरे तुटून पडतात आणि शिपाई खुर्च्यांवरून उठून जल्लोष करतात. युद्धाचे वेड दाखविण्यासाठी काढलेले दृश्य त्यांना चेव आणणारे ठरते! हा प्रसंग अँथनी स्वॉफर्ड या माजी मरीनच्या २००३ साली प्रसिद्ध झालेल्या आठवणींवरून घेतला आहे.

यावरून निष्कर्ष काय निघतो? क्रौर्य नुसते दाखवून भागत नाही. ते कोठे तयार होते, हे दाखवावे लागते. माझे आजचे प्रतिपादन एवढेच आहे की, रणांगणावरील क्रौर्य रणांगणावर जन्मत नाही. ते आधी कवायतीच्या मैदानावर घडवले जाते. जो चित्रपट ही घडवणूक प्रामाणिकपणे दाखवतो, तोच युद्धाच्या मुळाशी जाऊ शकतो.

माणूस मोडण्याचे तंत्र

एरिख मारिया रेमार्क यांच्या कादंबरीवरून लुइस माइलस्टोन यांनी १९३० साली काढलेला 'ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट' पाहा. चित्रपट खंदकात सुरू होत नाही, तो शाळेत सुरू होतो. मास्तर देशभक्तीवर आवेशपूर्ण व्याख्यान देतात आणि वर्गच्या वर्ग भरतीला निघतो. बराकीत त्यांची गाठ हिमेलश्टोसशी पडते. हा हिमेलश्टोस कालपर्यंत त्याच गावात टपाल वाटीत होता. अंगावर गणवेश चढला, हुकमत हाती आली, आणि हा साधा माणूस त्याच पोरांना चिखलात लोळवू लागतो. लष्करी यंत्रणा राक्षसांवर चालत नाही. साध्या माणसाला चिमूटभर सत्ता देऊन ती आपले काम करवून घेते, हे त्या टपालवाल्याच्या रूपाने दिसते.

या शिक्षणाचा शेवट एका खड्ड्यात होतो. तोफगोळ्याने पडलेल्या त्या खड्ड्यात नायक पॉल एका फ्रेंच शिपायाला भोसकतो आणि त्याच्या तडफडण्याशेजारी त्याला रात्र काढावी लागते. मग तो मृताचे पाकीट उघडतो, तर आत बायको आणि मुलीचे छायाचित्र! शिक्षकाने आणि हिमेलश्टोसने मिळून जे काही शिकवले होते, त्याचा हेतू एकच होता : हे छायाचित्र पॉलच्या दृष्टीस पडू नये. त्या छायाचित्राने सगळी शिकवण क्षणात निकालात काढली. डिसेंबर १९३० मध्ये बर्लिनच्या चित्रपटगृहात गोबेल्स यांच्या नेतृत्वाखाली नाझींनी उंदीर सोडून आणि दुर्गंधीचे बाँब फोडून हा खेळ का उधळला, हे यावरून कळते. काही दिवसांतच चित्रपटावर जर्मनीत बंदी आली. जे पुढील युद्धाची तयारी करीत होते, त्यांना ते पाकीट नको होते.

जपानी दिग्दर्शक मासाकी कोबायाशी यांनी १९५९ ते १९६१ या काळात तीन भागांत 'द ह्यूमन कंडिशन' हा सुमारे साडेनऊ तासांचा चित्रपट काढला. ते स्वतः सक्तीने मांचुरियात पाठवले गेलेले शिपाई होते आणि अधिकारपदाची बढती त्यांनी नाकारली होती. चित्रपटाच्या दुसऱ्या भागात शाही जपानी सैन्याची बराक आहे. तेथे ओबारा नावाचा अधू दृष्टीचा, दुबळा रंगरूट आहे. कूच करताना तो मागे पडतो. शिक्षा म्हणून जुने शिपाई त्याला बंदुकांच्या घोडीमागे उभे करतात आणि वेश्येप्रमाणे गिऱ्हाइकाला हाका मारायला लावतात. त्याच रात्री ओबारा शौचकूपात जाऊन स्वतःवर गोळी झाडून घेतो. चौकशीत दोष कोणाचाच निघत नाही, दुबळेपणा तेवढा ओबाराचा ठरतो.

अठ्ठावीस वर्षांनी, १९८७ साली, स्टॅन्ले क्यूब्रिक यांच्या 'फुल मेटल जॅकेट'मध्ये असाच प्रसंग अमेरिकन पोशाखात येतो. पहिल्या दृश्यात रंगरूटांचे केस भादरले जातात. मग त्यांची नावे काढून घेतली जातात. बंदुकीला मुलीचे नाव देऊन तिला कुशीत घेऊन झोपायचे. एकाने चूक केली की शिक्षा बाकीच्यांना, आणि मग रात्री बाकीचे मिळून त्या एकाला टॉवेलात साबणाच्या वड्या गुंडाळून झोडपणार. कामगार-चळवळीत आयुष्य घालवलेल्या माणसाला हे तंत्र ओळखू यायला वेळ लागत नाही. एकजुटीची भावना तीच, पण तिचा हात आपल्यातल्याच दुबळ्यावर उगारलेला! अखेर तो दुबळा लॉरेन्स उत्तम नेमबाज होतो, म्हणजे शिक्षण यशस्वी होते. पहिली गोळी तो आपल्या सार्जंटला घालतो आणि दुसरी स्वतःला.

हे सारे कशासाठी? काही सार्जंट विकृत असतात म्हणून? हे उत्तर अपुरे आहे. १९४७ साली एस. एल. ए. मार्शल या अमेरिकन लष्करी लेखकाने असे मांडले की, दुसऱ्या महायुद्धात ऐन चकमकीत फार तर चतुर्थांश शिपाई बंदूक चालवीत असत. त्यांची आकडेवारी गोळा करण्याची पद्धत पुढे संशोधकांनी सदोष ठरवली, हे खरे. तथापि लष्कराने त्या निष्कर्षाची दखल घेतली आणि गोल निशाणांच्या जागी अवचित उभ्या राहणाऱ्या मानवाकृती आल्या. माणसाला माणूस मारणे सहजासहजी जमत नाही, हे सेनापती पुरते जाणतात. ही अडचण दूर करणे हे बराकीचे काम.

'फुल मेटल जॅकेट'च्या उत्तरार्धात, १९६८ सालच्या ह्यू शहरातील लढाईत, पलटणीला जेरीस आणणारा दडलेला नेमबाज म्हणजे एक कोवळी व्हिएतनामी मुलगी निघते. जखमी होऊन ती मरणाची याचना करते. हे दृश्य पाहणारा हादरतो. पण ती मुलगी कोण, तिने बंदूक का घेतली, याविषयी चित्रपट एक शब्दही सांगत नाही. मारणारा कसा घडला हे क्यूब्रिक यांनी तपशिलाने दाखवले, परंतु मरणाऱ्याच्या पाकिटापर्यंत ते पोचले नाहीत.

त्याच वर्षी १६ मार्चला माय लाय येथे जे घडले ते पडद्यावरचे नव्हते. व्हिएतनामी गणतीनुसार ५०४ आणि अमेरिकन तपासानुसार ३४७ निःशस्त्र गावकरी मारले गेले. त्यांत म्हातारे, बायका, तान्ही मुले होती. दोषी ठरला तो एकटा लेफ्टनंट कॅली. १९७१ साली त्याला जन्मठेप झाली आणि सुमारे साडेतीन वर्षे बहुतांशी नजरकैदेत काढून तो सुटला. बराकीला, हुकमाला आणि धोरणाला आरोपीच्या पिंजऱ्यात कोणी उभे केले नाही.

कॅमेऱ्यामागचे हेलिकॉप्टर

येथे एक व्यावहारिक प्रश्न उपस्थित होतो. रणगाडे, विमाने, हेलिकॉप्टरे निर्माता आणतो कोठून? 'द ग्रीन बेरेट्स' (१९६८) काढण्यापूर्वी जॉन वेन यांनी थेट राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांना पत्र लिहिले होते, आणि पेंटागॉनने सढळ हाताने मदत दिली. त्या चित्रपटाच्या शेवटी व्हिएतनामच्या पूर्व किनाऱ्यावर सूर्य समुद्रात मावळतो! साम्राज्यवादी प्रचाराला भूगोलाचीही अडचण वाटत नाही. 'टॉप गन' (१९८६) ला नौदलाने विमाने आणि विमानवाहू जहाज दिले, आणि काही चित्रपटगृहांबाहेर भरतीची टेबले मांडली. त्याच वर्षीच्या 'प्लॅटून'ला मात्र संरक्षण खात्याने नकार दिला. दिग्दर्शक ऑलिव्हर स्टोन स्वतः व्हिएतनाममध्ये लढून आले होते, आणि त्यांनी पाहिलेले युद्ध खात्याला पसंत नव्हते.

'अ‍ॅपोकॅलिप्स नाऊ'ची हकीकत आणखी बोलकी आहे. त्याची हेलिकॉप्टरे फिलिपिन्सच्या हुकूमशहा मार्कोस यांच्या सैन्याची होती. चित्रीकरण चालू असताना ती मध्येच निघून जात, कारण देशातील बंडखोरांवर खरा हल्ला करायचा असे. सकाळी जे यंत्र पडद्यासाठी नाटकातील गावावर घिरट्या घालते, तेच दुसऱ्या दिवशी खऱ्या माणसांवर. अशा कारखान्यातून निघालेल्या चित्रपटाकडून मरणाऱ्याच्या बाजूचे दर्शन कितीसे अपेक्षिणार?

दुसऱ्या टोकाला कोण आहे?

ते दर्शन व्हिएतनामनेच घडवले. न्गुयेन होंग सेन यांच्या १९७९ सालच्या 'ओसाड शेत' या चित्रपटाला १९८१ च्या मॉस्को महोत्सवात सुवर्ण पारितोषिक मिळाले. मेकाँगच्या पाणथळीत एक तरुण जोडपे आपल्या तान्ह्या मुलासह राहते. आकाशात हेलिकॉप्टर आले की आईबाप मुलाला प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, तोंड घट्ट धरून, पाण्याखाली बुडी मारतात. येथे कवायतीचे मैदान नाही, सार्जंट नाही; भात, पाणी आणि मूल वाचवण्याची धडपड हेच लष्करी शिक्षण. अखेरीस नवरा मारला जातो आणि बायको हेलिकॉप्टर पाडते. त्या अवशेषांत मृत अमेरिकन वैमानिकापाशी काय सापडते? त्याच्या बायकोमुलाचे छायाचित्र! जे पाकीट १९३० साली पॉलने उघडले, तेच पन्नास वर्षांनी व्हिएतनामी कलावंताने, ज्याच्या देशावर बाँबचा वर्षाव झाला त्याने, शत्रूच्या मृतदेहापाशी उघडून दाखवले. प्रतिकार न्याय्य आहे याविषयी चित्रपटाला तिळमात्र शंका नाही, आणि तरीही वैमानिक माणूसच राहतो. युद्धपटाची याहून मोठी उंची मला ठाऊक नाही.

हीच कसोटी आपण आपल्या बाजूच्या चित्रपटांनाही लावली पाहिजे. 'बर्लिनचा पाडाव' (१९५०) या सोव्हिएत चित्रपटात विजयानंतर स्टालिन शुभ्र गणवेशात विमानाने बर्लिनला उतरतात आणि जनसमुदाय त्यांचा जयघोष करतो. असा प्रसंग घडलाच नव्हता. ज्या युद्धात सोव्हिएत जनतेने कोट्यवधी जीव दिले, त्याचे श्रेय एका माणसाच्या पुतळ्याला वाहणारी ही कला तिच्या हौतात्म्याशी प्रामाणिक नव्हती. उलट एलेम क्लिमोव यांचा 'या आणि पाहा' (१९८५) घ्या. बेलारूसमधील एक पोरगा वाळूत पुरलेली बंदूक उकरून काढतो आणि हौसेने पार्टिझनांत जातो. काही दिवसांत त्याचा चेहरा म्हाताऱ्यासारखा सुरकुततो. कोठारात कोंडून जाळलेले गाव तो पाहतो. अशी ६२८ गावे माणसांसकट जाळली गेली, असे चित्रपट शेवटी नोंदवतो. पटकथाकार आलेस आदामोविच हे स्वतः किशोरवयात पार्टिझन होते. एवढे असूनही सोव्हिएत चित्रपट-खात्याने ही कृती सात-आठ वर्षे अडवून धरली होती. आत्मपरीक्षणाचे भान ठेवून हेही सांगितले पाहिजे.

सगळा समाजच बराक?

आता घराकडे वळू. १९९१ साली नाना पाटेकर यांनी 'प्रहार' दिग्दर्शित केला. त्यासाठी त्यांनी मराठा लाइट इन्फंट्रीबरोबर लष्करी शिक्षण घेतले. हिंदी पडद्यावर कमांडोंचे शिक्षण इतक्या सच्चेपणाने क्वचितच आले असेल. पीटर हा तरुण ते शिक्षण पुरे करतो, ओलिसांना सोडवताना दोन्ही पाय गमावतो आणि मुंबईत आपल्याच मोहल्ल्यात खंडणीखोर गुंडांकडून मारला जातो. येथवर चित्रपट फार मोलाचा प्रश्न विचारतो : सीमेवर अवयव वाहणाऱ्याला समाज काय देतो? परंतु उत्तर काय मिळते? मेजर चव्हाण येतात आणि गुंडांना ठार करतात. अखेरच्या दृश्यात त्यांच्यामागे उघड्या अंगाची चिमुकली मुले कवायतीच्या तालावर धावतात. म्हणजे गुंडगिरीवर इलाज, सगळा समाजच बराक करणे! खंडणीमागचे अर्थकारण आणि राजकारण यांचा सामना संघटित नागरिकांनी करायचा, ही शक्यता चित्रपट फारशी मनावर घेत नाही. मेजरचे दुःख खरे आहे, म्हणूनच हा निष्कर्ष अधिक धोक्याचा आहे. टाळ्या त्यालाच पडतात.

शेवटी एका अलीकडच्या चित्रपटातील दृश्य सांगतो. एडवर्ड बर्गर यांनी २०२२ साली 'ऑल क्वाएट'ची जर्मन आवृत्ती काढली. त्यात हिमेलश्टोस नाही, बराकही नाही. पण सुरुवातीलाच मृत शिपायांचे गणवेश उतरवले जातात, रक्त धुतले जाते, बायका शिवणयंत्रांवर भोके सांधतात, आणि तोच कोट नव्या रंगरूटाच्या अंगावर चढतो. कोटावर जुन्या मालकाच्या नावाची पट्टी राहून गेलेली असते. पॉल विचारतो, तेव्हा पट्टी फाडून जमिनीवर टाकली जाते.

मित्रहो, युद्धपट पाहून बाहेर पडताना तीन प्रश्न मनाशी विचारीत जा. या शिपायाला कोणी घडवले आणि कोणासाठी? चित्रपटाला हेलिकॉप्टरे कोणी दिली? आणि गोळीच्या दुसऱ्या टोकाच्या माणसाचे पाकीट आपल्याला उघडून दाखवले का? पहाटे रस्त्यावरून धावणाऱ्या आपल्या पोरांचा उपहास करण्याचा अधिकार आपल्याला नाही. ती पोटासाठी धावतात, आणि प्रसंगी देशासाठी जीवही देतात. पण त्यांच्याबरोबर बसून हे चित्रपट पाहणे आणि त्या फाडलेल्या पट्टीवरचे नाव मोठ्याने वाचणे, हे काम आपले आहे. ते आपण केले नाही, तर त्या पोरांना युद्ध शिकवायला भरतीच्या टेबलामागचा माणूस तयारच बसलेला आहे.