नवरात्राचा उपवास आणि शरदातलं पित्त

घटस्थापना जवळ आली. घरोघरी साबुदाणा, शेंगदाणे भरून झाले असतील. आज उपवासाविषयी आणि पित्ताविषयी बोलू या.

वात, पित्त, कफ हे तीन दोष प्रत्येकीच्या शरीरात असतात आणि ऋतूप्रमाणे कमी-जास्त होतात, असं आयुर्वेद मानतो. पावसाळ्यात पित्त साठतं आणि शरदाचं ऊन तापलं की उसळतं, असं वाग्भटांनी 'अष्टांगहृदया'त सांगितलंय. या उन्हाला आपण ऑक्टोबर हीट म्हणतो. नवरात्रही नेमकं याच दिवसांत येतं. दिवसभर रिकाम्या पोटी चार-पाच कप चहा, रात्री हिरव्या मिरचीची खिचडी, वर दही आणि तळलेले काप! मग आंबट ढेकर, डोकेदुखी, उलटी ठरलेलीच.

उपवास जरूर करा, पण ताट थोडं बदला. सकाळी चहाच्या आधी भिजवलेल्या काळ्या मनुका खा. दुपारी वरीचा भात, त्यावर साजूक तूप, सोबत लाल भोपळ्याची भाजी. मिरची कमी, जिरं जास्त. संध्याकाळी राजगिऱ्याच्या लाह्या दुधात घालून घ्या. शरदात दही आणि दुपारची झोप टाळावी, असं ग्रंथात आहे. मोरावळा असेल तर चमचाभर खा. मधुमेह असलेल्यांनी मात्र मनुका, मोरावळा विचारूनच घ्यावा.

साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्या, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपवास धरू नये. चालू गोळ्या मनानं बंद करू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. छातीत जळजळलं की आपण "पित्तच असेल" म्हणतो, सोडा पितो आणि कामाला लागतो. पण सोबत दरदरून घाम, दम लागणं, जबड्यात, खांद्यात किंवा पाठीत कळ, मळमळ, कधी नव्हे असा थकवा यांतलं काही असेल, तर ते हृदयाचं दुखणं असू शकतं. बायकांमध्ये ते पुष्कळदा असंच आडवळणानं येतं, छातीत जोराची कळ येतेच असं नाही. अशा वेळी घरगुती उपाय करत बसू नका. 108 ला फोन करा. "सगळ्यांना वाढून झालं की जाऊ," असं तर मुळीच म्हणू नका. शेजारणीला असं झालं तर तिलाही थांबू देऊ नका.

नवरात्र आनंदात जावो.