भाड्याच्या घराचा आरंभ
(मांडू येथे मराठी भाषिक मंडळींच्या एका बैठकीत निवृत्त शिक्षकाने केलेले भाषण)



निवृत्तीच्या वेळी हाती येणारी रक्कम कोठे गुंतवावी, हा प्रश्न आपल्यापैकी पुष्कळांना पडतो. आणि बहुतेकांचे उत्तरही ठरलेले असते : दोन खोल्या बांधाव्यात व भाड्याने द्याव्यात. मीही तेच केले. धारला घरामागच्या मोकळ्या जागेत खोल्या उभ्या राहिल्या आणि पहिले बिऱ्हाड आले ते ओळखीचे. ओळखीच्या माणसाकडे कागद कसा मागावा, या संकोचाने मी करार केला नाही, पावतीही दिली नाही. वर्षभरात भाडे थकले. जागा परत मागितली, तेव्हा ठरलेली रक्कम किती, यावरच वाद सुरू झाला. आणि माझ्या बाजूने दाखविण्यास एक चिटोराही नव्हता. अखेर थकबाकीवर पाणी सोडून खोल्या ताब्यात घ्याव्या लागल्या. दोष त्या गृहस्थाचा होता तितकाच माझाही होता. म्हणून आज मी सांगणार आहे ते एवढेच, की भिंतीच्या आधी कागद झाला पाहिजे.

मांडूपुरते बोलायचे तर हा कागद बांधकामाच्याही आधीचा आहे. होशंगशहाचा मकबरा व जामी मशीद गावाच्या मध्यभागी आहेत आणि वस्ती त्यांच्याभोवती आहे. प्राचीन स्मारकांविषयीच्या १९५८ च्या केंद्रीय कायद्यात २०१० साली दुरुस्ती झाली. तिच्यानुसार संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून किमान १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम निषिद्ध आहे, आणि त्यापुढील २०० मीटरमध्ये ते सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीनेच करता येते. जुन्या घराच्या दुरुस्तीलाही परवानगी लागते. नियम मोडल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. विटा उतरवून घेतल्यावर ही चौकशी करणारे लोक मी पाहिले आहेत. शिवाय हा भाग अनुसूचित क्षेत्रात मोडतो. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीच्या नावे होण्यास १९५९ च्या भू-राजस्व संहितेत प्रतिबंध आहे. स्वस्त भूखंड दाखविणाऱ्या मध्यस्थाचे ऐकण्यापूर्वी पटवाऱ्याकडील खसरा पाहावा. दुसऱ्याच्या नावावर जमीन घेऊ, असे कोणी सुचविल्यास तेथून उठून यावे. त्यात आपला पैसा तर बुडतोच, पण ज्याची जमीन जाते त्याचे घरही उघड्यावर येते.

आता हिशेब. समजा, दोन खोल्यांना सहा लाख रुपये खर्च आला आणि महिना तीन हजार रुपये भाडे मिळते. वर्षाचे छत्तीस हजार, म्हणजे सहा टक्के झाले, असे आपण मनाशी म्हणतो. परंतु बिऱ्हाड बदलताना एक महिना जागा रिकामी राहिली, तीन हजार गेले. रंगसफेदी, नळ, गळणारे छप्पर यांसाठी चार हजार धरा. मालमत्ता कर व किरकोळ खर्च दोन हजार. उरले सत्तावीस हजार, म्हणजे साडेचार टक्के. जागेची किंमत वाढेल, हे खरे. पण ती वाढ घर विकल्यावाचून हाती येत नाही, आणि औषधपाण्याचा खर्च तर दरमहा असतो. म्हणून निवृत्तीची सारी पुंजी भिंतीत घालू नये. कर्ज काढून बांधणाऱ्याने तर जागा सहा महिने रिकामी राहिली तरी हप्ता भरता येईल की नाही, हे आधी तपासावे.

भाडेकरू कोण, हाही विचार हवा. मांडूला पाहुणा पावसाळ्यात अधिक येतो आणि एक-दोन रात्री राहून जातो. त्याला खोली देणे म्हणजे आतिथ्याचा व्यवसाय होय. त्याची नोंदणी निराळी आणि कष्टही निराळे. महिनोन्महिने राहणारे बिऱ्हाड हवे असेल, तर कारखान्यांमुळे पीथमपूर व देवास येथे त्याची शक्यता अधिक. धार-देवासच्या जुन्या मराठी कुटुंबांकडे वाडे आहेत. अशांनी नवे बांधण्याऐवजी वाड्यातील एखादा सोपा नीट करून घ्यावा, असे माझे मत आहे. मात्र पाण्याची सोय आधी करावी. मुंज तलाव व कपूर तलाव यांच्यामध्ये जहाज महाल उभारणाऱ्यांनाही या पठारावर पाण्याचा विचार प्रथम करावा लागला होता.

कराराविषयी थोडे विस्ताराने सांगतो. एका वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदणीकृतच असावा लागतो. अकरा महिन्यांच्या कराराची प्रथा त्यातूनच पडली. परंतु अकरा महिने लिहिले म्हणजे भाडेकरू आपोआप निघून जातो, ही समजूत चुकीची आहे. मध्य प्रदेशच्या १९६१ च्या स्थान नियंत्रण अधिनियमाने जागा खाली करून घेण्यास ठराविक कारणे घातली. थकबाकीसाठीही मागणीची नोटीस देऊन दोन महिन्यांची मुदत ठेवली. निवृत्त शासकीय सेवक, विधवा व अपंग घरमालक यांच्यासाठी पुढे त्याच कायद्यात निराळी, संक्षिप्त कार्यपद्धती आली. आपल्यापैकी अनेकांना तिची माहितीच नसते. महाराष्ट्रात घर असणाऱ्यांनी लक्षात ठेवावे, की तेथील १९९९ च्या कायद्याने करार लेखी करून नोंदविण्याची जबाबदारी घरमालकावरच टाकली आहे. अनामत रकमेबाबत २०२१ च्या केंद्रीय आदर्श मसुद्यात राहत्या घरासाठी कमाल दोन महिन्यांचे भाडे सुचविले आहे. आपल्या राज्यात काहीही असो, त्याहून अधिक मागू नये. दहा महिन्यांची अनामत देऊ शकणारा मनुष्य सहसा स्वतःचे घर बांधावयास निघालेला असतो.

माझ्या खोल्यांत आज तिसरे बिऱ्हाड आहे. दोन पानांचा करार, दरमहा सही केलेली पावती आणि पोलीस ठाण्यात दिलेल्या माहितीची पोच, एवढे कागद एका पिशवीत ठेवलेले असतात. राहावयास आले त्या दिवशीचा विजेच्या मीटरचा आकडा, पंखे, दिवे व कड्या-कुलपे यांची यादी कराराच्या मागील पानावर आहे, आणि तिच्यावर दोघांच्याही सह्या आहेत.