खानदानी कोणाला म्हणावे?
(अंबरपेठ, हैदराबाद येथील व्याख्यान)

आपल्या हैदराबादेत ‘खानदानी’ हा शब्द अजूनही तोलून वापरतात. पंडिता रमाबाईंना ही प्रतिष्ठा दोन वाटांनी मिळाली होती: एक जन्माने, दुसरी 1878 साली कलकत्त्याच्या विद्वानांनी दिलेल्या ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या बिरुदांनी. 1883 मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेऊन त्यांनी जन्माचा मान पणाला लावला. पुढे चर्चचे मतही सद्सद्विवेकाला पटल्यावाचून स्वीकारले नाही.

केडगावच्या मुक्ति मिशनमध्ये बायबलचे मराठी भाषांतर करताना त्या मूळ हिब्रू आणि ग्रीकपर्यंत गेल्या. वाचक कोण? नुकतीच अक्षरओळख झालेल्या निराधार बायका. त्यांना चूक कळली नसती. तरी रमाबाईंनी हयगय केली नाही. खिळे जुळवणे, छापणे हेही तिथल्या बायकांनीच केले. 1922 मध्ये देह ठेवीपर्यंत त्या या कामात होत्या.

ख्रिस्ती नीतीत काम माणसाच्या नव्हे, देवाच्या नजरेसमोर होते. म्हणून कोणी तपासणार नाही तेही चोख करणे, हीच खरी कुलीनता. श्रद्धा कोणतीही असो, चार मुलांच्या मराठीच्या तासालाही पूर्ण तयारीनिशी जाणे आपल्या हाती आहे. इथली मराठी अशा खानदानीपणावरच तगेल.