खाणींचा गाळ आणि गावाचा हक्क

गोव्यात डिचोली, सांगे या तालुक्यांत टनभर लोहखनिजासाठी दोन-तीन टन माती उपसली गेली. पावसाळ्यात तिचे ढीग ढासळून गाळ खालच्या भातशेतांत उतरतो. नफा खाजगी, गाळ मात्र सार्वजनिक! सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली खनिजविक्रीच्या १० टक्के रकमेचा कायमस्वरूपी निधी उभारण्याचा आदेश दिला, तो भावी पिढ्यांचा विचार करूनच. तेव्हा जुन्या खाणींचा पुनर्विकास म्हणजे तळ्याकाठची विश्रामगृहे, ही कल्पना आपण प्रथम मोडून काढली पाहिजे. आधी ढिगांना बांध आणि झाडोरा, मग शेतांची साफसफाई. आणि हे काम २०१८ च्या खाणबंदीत रोजगार गमावलेल्यांना पुरेशा वेतनावर मिळाले पाहिजे. खड्ड्यांत साठलेल्या पाण्यावर पहिला हक्क खालच्या शेतकऱ्याचा. प्रत्येक खाणीचा आराखडा ग्रामसभेपुढे, खर्चाच्या आकड्यांसह, ठेवावयास सरकारला भाग पाडणे हे आपल्या शाखांचे या पावसाळ्यापूर्वीचे काम आहे.