थोरल्या आजींचे नाव

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



उभे राहून बोलण्याची मला सवय नाही. भजनात मागे बसून टाळ धरणारी मी. पण कार्यवाहबाईंनी आग्रहच धरला, तेव्हा मोठ्या विषयाच्या वाटेला न जाता घरातलीच एक गोष्ट सांगते.

आमचे मूळ घर पन्हाळ्याकडचे. मी लग्न होऊन त्या घरात आले, तेव्हा लोणच्याच्या बरणीवर पितळेसारखी एक जाड, तळहाताएवढी चकती झाकण म्हणून असे. तिच्यावर एक सिंह, हातात माळ घेतलेली एक बाई आणि भोवती इंग्रजी अक्षरे. सासूबाईंना विचारले तर म्हणाल्या, "थोरल्या आजींची आहे ती. टाकायची नाही, एवढंच त्यांनी सांगून ठेवलंय."

थोरल्या आजी म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या आजी. त्यांचे यजमान पहिल्या महायुद्धात पलटणीबरोबर गेले, ते परत आले नाहीत. गावात बोलवा अशी, की त्यांनी तिकडेच दुसरा संसार थाटला. आजींनी मात्र मरेपर्यंत कुंकू पुसले नाही. कुणी छेडलेच तर त्यांचे उत्तर ठरलेले : "पैसे येतात, म्हणजे ते आहेत."

गेल्या वर्षी जुने घर उतरवताना आजींची ट्रंक निघाली. तीत एक चांदीचे पदक होते आणि इंग्रजी कागदाची एक घडी, तळाशी अंगठा उठवलेली. माझ्या नातीने भिंग लावून पदकाची कड वाचली. तिथे शिपायाचा नंबर, नाव आणि पलटण कोरलेली होती : ११७ मराठा. भगिनींनो, घरात असे पदक असेल तर आधी त्याची कड पाहा. आपली नावे इंग्रजीत कुणी कशीही लिहितो. नंबर सहसा चुकत नाही.

ही पलटण मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, पुणे डिव्हिजनबरोबर लढली. १०३ व ११० या मराठा पलटणीही त्याच डिव्हिजनमध्ये होत्या. ७ डिसेंबर १९१५ रोजी तुर्की सैन्याने या फौजेला कूत-अल-अमारा गावात वेढले. धान्य संपत आले. घोडे कापून खाण्याची वेळ आली. आपल्यातल्या कित्येकांना ते मांस तोंडात घालवेना. अखेर २९ एप्रिल १९१६ रोजी फौज शरण गेली. सुमारे तेरा हजार माणसे कैद झाली. त्यांना वाळवंटातून पायी चालवत नेले आणि कित्येकांना रास-अल-ऐन येथे रेल्वेच्या कामाला जुंपले. भुकेने आणि आजाराने हजारो माणसे वाटेतच गेली.

युद्धात पडलेल्यांची नोंद ठेवणारा एक आयोग १९१७ साली स्थापन झाला. त्याची यादी आता संगणकावर कुणालाही फुकट पाहता येते. नातीने नंबर घातला आणि नाव आले. मृत्यू सप्टेंबर १९१६. स्मारक बसऱ्याचे. ज्यांची कबर ठाऊक नाही अशा चाळीस हजारांहून अधिक जणांचे ते स्मारक. पण तिथल्या दगडावर आपल्या साध्या शिपायांची नावे कोरली नाहीत, पलटणीखाली नुसता आकडा घातला. आयोगाने २०२१ साली त्याबद्दल जाहीर क्षमा मागितली. नावे राहिली ती वहीत. त्या वहीत आमच्या पणजोबांच्या नावापुढे लिहिले आहे : अमुक हिचा नवरा, राहणार अमुक गाव, कोल्हापूर.

ते 'अमुक' म्हणजे थोरल्या आजींचे नाव. भगिनींनो, ते मी त्या दिवशी पहिल्यांदा वाचले. घरात सगळे त्यांना थोरल्या आजीच म्हणत.

मग मी हट्टाने मागे लागले. साहेबांच्या घरी माणूस गेला की मृत्युपत्र आणि प्रोबेट. आपल्या शिपायाचे मृत्युपत्र कुठले असायला? आपल्याकडे पाहायचे ते फेरफार आणि वारस नोंदवही. संस्थानकाळचे जुने कागद मोडीत. आमच्या जमिनीला पणजोबांच्या मागे धाकट्या दिरांचे नाव लागले : ए. कु. मॅ., म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. पुढे मुलगा मोठा झाल्यावर त्याचे. आजींचे नाव कुठेच नाही. ज्या मातीत त्यांनी जन्मभर भांगलण केली, तिच्या कागदावर त्या नाहीत. आणि जो देश त्यांनी पाहिला नाही, तिथल्या मृतांच्या वहीत त्या आहेत!

आणि तो अंगठ्याचा कागद? तो विधवेच्या पेन्शनचा. आजी ज्याला नवऱ्याचा पगार समजत होत्या, ते त्याच्या मरणाचे पैसे होते. पैसे आणायला दीर जात. त्यांना ठाऊक होते की नाही, आता कोण सांगणार? कधी वाटते, आजींनाही कळले असावे. कुंकू पुसले की घरातली आपली जागा कोणती, हेही त्यांना कळत असेलच. आता मी त्यांना हसत नाही आणि कुणाला हसू देत नाही.

यंदा सर्वपित्री अमावास्येला आमच्या घरी प्रथमच पणजोबांच्या नावाने पान वाढले आणि शेजारी आजींच्या नावाने दुसरे. नाव मोठ्याने घेतले. बरणीला आता साधे झाकण आहे. चकती देवघराशेजारी लावली आहे.

माझी एकच विनंती. आज घरी गेल्यावर एक वही घ्या. सासू, आजेसासू, आई, आजी, पणजी यांची नावे, माहेरची गावे, जेवढे आठवेल तेवढे लिहा. म्हातारी माणसे आहेत तोवर विचारून घ्या. १९५६ च्या कायद्याने विधवेला आणि मुलीला वारसाहक्क दिला, २००५ साली वडिलार्जित मिळकतीत मुलगी मुलाच्या बरोबरीने आली; पण आपल्या सातबाऱ्यावर आपले नाव खरोखर लागले आहे का, तेही एकदा पाहा. आपले नाव शोधायला आपल्या नातीला परमुलखातल्या वहीपर्यंत जावे लागू नये.