चेन नाही, रनर गेलाय

आवाज येतोय ना नीट? मागे बोटीचं इंजिन ऐकू आलं तर चालवून घ्या, गोराईच्या जेट्टीवर बसून रेकॉर्ड करतोय.

मागच्या सोमवारची गोष्ट. खाडी ओलांडून बोरिवलीला जायचं, तिथून ट्रेन. बोटीत दोन बाईक, चार टोपल्या आणि आपण. मी बसायला वाकलो आणि पाठीवरची सॅक भस्सकन उघडली. चेन लावलेली होती हां! रनर पार टोकापर्यंत ओढलेला, पण त्याच्या मागे दाते फाकलेले. डबा पडला बाईकखाली आणि फाईल थेट कठड्यावर. फाईलमध्ये माझी ओरिजनल मार्कशीट. शेजारच्या मावशींनी झडप घालून धरली म्हणून, नाहीतर गेलीच होती खाडीत.

घरी धाकटी बहीण म्हणाली, "दादा, फेक ना ती आता. सेल चालू आहे." पण सॅक बाबांची आहे. आतल्या कप्प्यावर त्यांनी निळ्या बॉलपेनने आमचा जुना लँडलाइन नंबर लिहिलाय. तो नंबर कधीच बंद झाला, बाबाही नाहीत. त्यामुळे फेकायचा प्रश्नच नव्हता.

बोरिवली स्टेशनजवळ फूटपाथवर बसणाऱ्या बॅगवाल्या काकांकडे नेली. म्हटलं, काका, चेन बदलायचीय. त्यांनी दात्यांवरून नुसता अंगठा फिरवला. "चेन चांगली आहे रे. रनर गेलाय."

हे मला माहीतच नव्हतं! दोन्ही बाजूंचे दाते एकमेकांत दाबून अडकवणं हे रनरचं काम. गिडियन सुंडबॅक नावाच्या इंजिनीअरने १९१३ च्या सुमारास ही रचना बसवली, आजही तीच चालते. रोज ओढून ओढून रनर आतून झिजतो, थोडा फाकतो, दाब कमी पडतो. मग पुढे गेला तरी मागे चेन उघडीच. त्यात आमच्याकडे खारी हवा. दाते नायलॉनचे, त्यांना काही होत नाही. धातूच्या रनरवर मात्र पांढरट थर धरतो.

आता घरी काय करायचं, ते ऐका. रनर चेन उघडते त्या टोकाला आणा. दोन दाते-पट्ट्या जिथून वेगवेगळ्या आत शिरतात ती रुंद बाजू सोडा. त्याच्या उलट, मागची बाजू पकडीने दाबायची. आधी डावी कड, मग उजवी. अगदी हलकेच! दाबायचं, ओढून बघायचं, पुन्हा दाबायचं. हा धातू ओतीव असतो, जोर केला तर कटकन तुटतो. माझा एक असाच तुटला, म्हणून सांगतोय.

तुटला तर नवा रनर. जुन्याच्या पाठीवर बहुतेक वेळा आकडा असतो, ५, ८ किंवा १०. तोच आकडा मागायचा, आणि दाते नायलॉनचे की धातूचे तेही सांगायचं. जुना रनरच सोबत नेलात तर सगळ्यात बरं. चेनच्या टोकाची शिवण थोडी उसवायची, दोन्ही पट्ट्या एका रेषेत धरून रनर चढवायचा, टोक परत पक्कं शिवायचं. एक पट्टी जरी मागेपुढे झाली तरी सॅक वाकडी बंद होते. काकांनी हे सगळं पाच मिनिटांत केलं, चाळीस रुपयांत. मला घरी दुसऱ्या कप्प्याला पाऊण तास लागला, आणि सुई बोटात गेली ते वेगळंच.

दाते तुटले असतील किंवा कापडाची पट्टी फाटली असेल, तर मात्र घरी खटपट करू नका. पूर्ण चेन बदलावी लागते, ते मशीनवरचं काम आहे.

आणि रनर अडखळत असेल तर दात्यांवर मेणबत्ती घासा. तेल नको, धूळ धरतं आणि वह्यांना डाग पडतात.

तुमच्या बॅगेच्या रनरवर कुठला आकडा आहे, बघून कळवा मला. चला, बोट लागली. मार्कशीट आता सॅकमध्ये नाहीये हां, घरी कपाटात आहे!