फौजेनंतरची पहाट

फौजेतला जवान निवृत्त होतो तेव्हा म्हातारा नसतो. पेन्शनला किमान 15 वर्षं नोकरी लागते. म्हणजे विशीत भरती झालेला पोरगा चाळिशीच्या आगेमागे घरी येतो. सवयीनं पहाटे उठतो, दाढी करतो, बूट चकाचक करतो. पुढे काय? मंगळवेढ्याच्या ज्वारीच्या रानात हजेरीचा फॉलइन होत नाही, आणि घर तर त्याच्यावाचून चालायला शिकलेलं असतं. चिडचिड, तुटकी झोप, कधी बाटली, यांचं मूळ बऱ्याचदा इथं असतं.

माजी सैनिकांसाठी 2003 पासून ईसीएचएस ही आरोग्य योजना आहे. गुडघ्यासाठी डॉक्टरकडे जाता, तसं झोप उडाली म्हणूनही जा.

कामासाठी सोलापूरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नाव नोंदवा. राज्य सरकारच्या क आणि ड गटांतल्या पदांत माजी सैनिकांना 15 टक्के आरक्षण आहे. वॉचमनची नोकरी कमी दर्जाची नाही, पण जनरेटर खोलून जोडणारा माणूस नुसता गेटवर बसवणं मला तरी उधळपट्टी वाटते.

नवी वाट धरता येते, याचं उदाहरण म्हणजे सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर, मूळचे फौजेतले बॉक्सर. 1965 च्या युद्धात गोळ्या लागून अपंगत्व आलं. ते पोहण्याकडे वळले आणि 1972 साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी भारताला पहिलं सुवर्णपदक मिळवून दिलं.

तुमच्या नव्या वाटेसाठी सैनिक कल्याण कार्यालयात जाताना डिस्चार्ज बुक आणि पीपीओ, म्हणजे पेन्शनचा आदेश, सोबत न्या. पत्नीचं नाव, जन्मतारीख कागदोपत्री बरोबर आहे ना, तेही त्याच फेरीत बघून घ्या.